तोंडात घास असताना

माळावर शेळ्या सभा भरवायच्या, त्या काळची गोष्ट. त्यांची रीत कडक होती. तोंडात घास असताना बोलायचं नाही, आणि कुणीच बोललं नाही तर ठराव मंजूर.

तालुक्यातल्या साऱ्या कुरणांवर वजन असलेल्या एका रेड्याला डुंबायला त्यांचं तळं हवं होतं. त्याने आपला पांढराशुभ्र बगळा सभेला पाठवला, आणि सोबत गाढवावर लादून हिरव्या मक्याचे भारे.

"साहेबांची प्रेमाची भेट," बगळा म्हणाला. "खात खात ऐका."

तळ्याचा विषय निघाला. शेळ्या चघळत राहिल्या. म्हातारी काबरी मात्र विरोध करायला उठली. घाईघाईने घास गिळून तिने तोंड उघडलं, तोच पोटातला मका रवंथासाठी पुन्हा तोंडात आला. शिस्तीची शेळी ती, मुकाट खाली बसली.

"एकमताने मंजूर," बगळा म्हणाला.

दुपारी तहानलेल्या शेळ्या तळ्यावर गेल्या, तर रेडा मधोमध पसरलेला आणि पाण्याचा नुसता चिखल.

"आमचं तळं सोडा," काबरी ओरडली.

रेडा डोळे मिटून रवंथ करत राहिला.

त्याच्या पाठीवरून बगळा हळूच म्हणाला, "जरा थांबा, आजी. तोंडात घास असताना साहेबही बोलत नाहीत."