मागे न पाहणारा गडी

फार फार वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका राज्यात माणसं काठी-चेंडू खेळायची. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खांब असत. वाकड्या काठीने चेंडू त्या खांबांमधून मारला की लोक ओरडत, ‘पार!’

एका खेड्यात चेंडू पार करण्यात पटाईत असा एक गडी होता. त्याच्यासारखा दुसरा नाही असं सगळे म्हणत, आणि खरं सांगायचं तर तोही म्हणे. त्याचा भिडू गोंदा मागून चेंडू द्यायचा. गोंदाकडे कुणी पाहत नसे, आपला गडीसुद्धा नाही. चेंडू काठीपाशी आलेला असायचाच, मग मागे कशाला बघायचं?

एकदा सामना पाहायला खुद्द राजा आला. तो गड्याला म्हणाला, “राजधानीत चल, माझ्या संघातून खेळ. सोबत कुणी भिडू हवा असेल तर त्यालाही घे.”

“महाराज, चेंडू मी मारतुया,” गडी हसून म्हणाला. “भिडू काय, कुणीबी चालंल.”

गोंदा शेजारीच दोघांच्या काठ्या धरून उभा होता.

राजधानीत गड्याला मोठं घर मिळालं, रेशमी फेटा मिळाला. मैदानावर मात्र काही केल्या जमेना. नवे भिडू तगडे होते, पण चेंडू कधी त्याच्या मागून जाई, कधी तो पोचण्याआधीच निघून जाई. हात तेच, काठी तीच. लोक आधी कुजबुजले, मग तोंडावर हसू लागले. संध्याकाळी तो एकटाच जेवायला बसे. इतकं एकटं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

शेवटी राजाने त्याला निरोप दिला.

तो गावी परतला तेव्हा सामना रंगात आला होता. त्याच्या जागी गावातला कुंभार खेळत होता, अंगाने जाड, पायाने मंद. गोंदाने चेंडू मोकळ्या जागेत सोडला. कुंभार धापा टाकत तिथे पोचला, आणि चेंडूही नेमका तेव्हाच पोचला. पार. थोड्या वेळाने पुन्हा पार.

गडी कडेला उभा राहून पहिल्यांदाच गोंदाचा खेळ पाहत होता. त्याचे डोळे भरून आले.

सामना संपल्यावर तो जवळ गेला. “गोंदा, मला परत घेशील का रं?”

“तुझ्यावर राग न्हाई माझा,” गोंदा घाम पुसत म्हणाला. “पर ह्याचं पाऊल आता मला कळाया लागलंय. ह्याला कसा सोडू?”

मग कुंभाराच्या खांद्यावर हात टाकून तो घराकडे निघाला. गडी रिकाम्या मैदानावर उभा राहिला. त्याला कुणी हाक मारली नाही.

तर मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: आपल्या यशात ज्याचा हात असतो त्याला वेळेवर ओळखलं नाही, तर यशही जातं आणि सोबतीही.