नखुल्याची तरंगणारी सुरी

एक होती खाडी. खाडीत होती होडी. होडी होती करवंटीची. होडीत बसला होता नखुल्या उंदीर.

नखुल्या केवढा? नखाएवढा.

आणि होडीत बसली होती त्याची मावशी. मावशी केवढी? गोल गोल, बोराएवढी. अर्धी होडी मावशीनं भरली होती.

दोघं निघाले मासे धरायला. नखुल्या वल्हं मारी. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. मावशी भाकरी खाई. मचक मचक, मचक मचक.

खाडीच्या काठाला तिवराचं झाड होतं. त्याची मुळं पाण्यातून वर आली होती. होडीची दोरी गेली मुळांत. गरगर फिरली. गाठ बसली. होडी थांबली.

"काय झालं रे?" मावशी म्हणाली.

"दोरी अडकली, मावशी. थांब, कापतो."

नखुल्यानं सुरी काढली. लोखंडाची सुरी. जड जड सुरी. ओला ओला हात. सुरी निसटली.

डुबुक.

सुरी गेली तळाला. पाण्यावर नुसते बुडबुडे आले.

नखुल्या दोरीला चावला. दोरीला होतं डांबर. थू थू थू.

मावशी दोरीला चावली. थू थू थू.

मग आली भरती. गुळुक गुळुक, गुळुक गुळुक. पाणी वर येऊ लागलं. होडीला वर यायचं होतं. पण दोरी सोडेना. होडीचं टोक खाली ओढलं गेलं. होडी कलली.

"मावशी, मुळांवरून उड्या मारत काठावर चल," नखुल्या म्हणाला.

मावशीनं एक पाय उचलला. होडी हलली. मावशीनं पाय परत ठेवला.

"मला नाही जमायचं. तू जा. दुसरी सुरी आण. लवकर ये."

नखुल्या निघाला. मुळांवरून उड्या मारत, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. काठावर आला. तुरु तुरु, तुरु तुरु, पळत सुटला.

काठावर राहायचे सुतारकाका. सुतारकाका म्हणजे सुतारपक्षी. डोक्यावर लाल तुरा. सगळ्यांना सुऱ्या करून द्यायचे. टक टक, टक टक.

नखुल्या म्हणाला,

"दोरी तुटेना, मावशी सुटेना.
सुतारकाका, सुरी द्या ना."

"ही घे," सुतारकाका म्हणाले. लोखंडी मुठीची सुरी दिली. नखुल्यानं उचलली. धप्प. नखुल्या खाली, सुरी वर.

"जड आहे, काका," सुरीखालून आवाज आला.

"मग ही घे," सुतारकाका म्हणाले. शिंगाच्या मुठीची सुरी दिली. नखुल्यानं उचलली. छान उचलली. शेजारी डबकं होतं. नखुल्यानं सुरी डबक्यात सोडली.

डुबुक.

"हे काय केलंस?" सुतारकाका म्हणाले.

"बघितलं, काका. ही पण बुडते. माझे हात ओले असतात. सुरी निसटते. मला हलकी सुरी हवी. पाण्यावर तरंगणारी हवी."

सुतारकाकांनी मान तिरकी केली. विचार केला.

"पातळ पातं आहे माझ्याकडे. त्याला पांगाऱ्याची मूठ हवी. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, मुळीच बुडत नाही. पांगाऱ्याची फांदी आण. मग सुरी देतो. त्याआधी नाही."

नखुल्या निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु. पांगाऱ्याच्या झाडाकडे गेला. झाड होतं उंच, फुलं होती लाल.

नखुल्या म्हणाला,

"सुरी मिळेना, दोरी तुटेना,
दोरी तुटेना, मावशी सुटेना.
पांगारेआजोबा, फांदी द्या ना."

झाड हसलं. खुक खुक खुक.

"हसता काय, आजोबा?"

"हसू नको तर काय करू? खुक खुक. हे मुंगळे बघ. अंगभर फिरतात. गुदगुल्या होतात. हसता हसता फांदी कशी देऊ? मुंगळ्यांना खाली उतरव. मग फांदी देतो. खुक खुक. त्याआधी नाही."

इकडे पाणी वर आलं. गुळुक गुळुक. होडी आणखी कलली. मावशीनं शेपूट वर धरलं.

नखुल्या मुंगळ्यांकडे गेला. मुंगळे काळे काळे, रांगेत चाललेले. वर वर, खाली खाली.

नखुल्या म्हणाला,

"फांदी मिळेना, सुरी मिळेना,
सुरी मिळेना, दोरी तुटेना,
दोरी तुटेना, मावशी सुटेना.
मुंगळेदादा, उतरा ना."

सगळे मुंगळे थांबले. सगळे मिळून बोलले.

"नाही नाही नाही. इथे फुलांत गोड आहे. खाली काय आहे?"

"खाली मी आहे," नखुल्या म्हणाला.

"तू गोड आहेस का?"

नखुल्यानं आपला पंजा चाटून बघितला. "नाही. खारट आहे."

"मग गूळ आण. मग उतरतो. त्याआधी नाही."

नखुल्या निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु. हौसाकाकूच्या घरी गेला. हौसाकाकू कोळीण. ओट्यावर बसून जाळं विणत होती. मांडीवर जाळं, पायावर जाळं, खांद्यावर जाळं.

नखुल्या म्हणाला,

"मुंगळे उतरेनात, फांदी मिळेना,
फांदी मिळेना, सुरी मिळेना,
सुरी मिळेना, दोरी तुटेना,
दोरी तुटेना, मावशी सुटेना.
हौसाकाकू, गूळ दे ना."

"अरे बाळा," हौसाकाकू म्हणाली, "दोरी कापायला माझा कोयता ने की."

कोयता भिंतीला टेकून होता. नखुल्यानं ढकलला. हुश्श. कोयता हलला नाही. नखुल्या लालेलाल झाला. कोयता हलला नाही.

"नको, काकू. गूळच दे."

"गूळ आहे डब्यात. डब्यावर बसलाय बोका. सकाळपासून बसलाय. मलाच चहात गूळ घालता आला नाही. तू बोक्याला उठव. मग गूळ देते. त्याआधी नाही."

नखुल्या दारातच थांबला. बोका म्हणजे बोका. पण तिकडे मावशी होडीत होती.

नखुल्या आत गेला. हळू हळू, हळू हळू. डब्यावर बोका झोपला होता. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. नखुल्या दाराआड उभा राहिला. तिथूनच म्हणाला,

"गूळ मिळेना, मुंगळे उतरेनात,
मुंगळे उतरेनात, फांदी मिळेना,
फांदी मिळेना, सुरी मिळेना,
सुरी मिळेना, दोरी तुटेना,
दोरी तुटेना, मावशी सुटेना.
बोकोबा, उठा ना."

बोक्यानं एक डोळा उघडला.

"कोण बोललं?"

"मी. नखुल्या."

"उंदीर का?"

"हो. पण नखाएवढा."

बोक्यानं नखुल्याला नीट बघितलं. जांभई दिली.

"नखाएवढ्यासाठी कोण उठतंय? मासा आण. मग उठतो. त्याआधी नाही."

डोळा मिटला. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

नखुल्या बाहेर आला. आता मासा कुठून आणायचा? मासा धरायला हवी होडी. होडी तर अडकलेली. नखुल्याला रडू आलं. रडत रडत पळत सुटला. तुरु तुरु, तुरु तुरु. खाडीच्या काठावर आला.

पाणी खूप वर आलं होतं. गुळुक गुळुक. होडी खूप कलली होती. मावशी वरच्या कडेला चिकटून बसली होती. बसून बसून कंटाळली, म्हणून तिनं गळ टाकला होता. गळाला लागला होता मासा. इवलासा मासा, चकचकीत मासा.

नखुल्यानं डोळे पुसले.

"मावशी, मासा दे ना."

"मासा?" मावशी म्हणाली. "वा रे वा. मी इथे भिजले. मी इथे गळ टाकला. मासा माझा आहे. आधी दोरी काप. मला सोडव. मग मासा देते. त्याआधी नाही."

नखुल्या काठावर उभा राहिला. मोठ्ठा श्वास घेतला. मग म्हणाला,

"मासा मिळेना, बोका उठेना,
बोका उठेना, गूळ मिळेना,
गूळ मिळेना, मुंगळे उतरेनात,
मुंगळे उतरेनात, फांदी मिळेना,
फांदी मिळेना, सुरी मिळेना,
सुरी मिळेना, दोरी तुटेना,
दोरी तुटेना, मावशी सुटेना."

मावशीनं कान टवकारले.

"शेवटी काय म्हणालास?"

"मावशी सुटेना."

"कुठली मावशी?"

"तूच, मावशी."

मावशीनं माशाकडे बघितलं. पाण्याकडे बघितलं. परत माशाकडे बघितलं.

"अगं बाई," मावशी म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचंस? घे."

मावशीनं मासा फेकला. सुंईई, थप्प. मासा काठावर पडला.

नखुल्यानं मासा ओढत नेला. सर्र सर्र, सर्र सर्र. दारातून आत सारला. बोक्यानं नाक हलवलं. बोका उठला. पाठीची केली कमान, शेपटीचा केला खांब. मासा घेऊन कोपऱ्यात गेला.

बोका उठला, डबा उघडला. खट्ट.

डबा उघडला, गूळ मिळाला. हौसाकाकूनं खडा दिला. स्वतःच्या चहातही घातला.

नखुल्यानं गूळ लोटत नेला. गडगड गडगड. झाडाखाली ठेवला.

गूळ मिळाला, मुंगळे उतरले. रांगेनं उतरले. गुळाभोवती गोल बसले.

मुंगळे उतरले, गुदगुल्या थांबल्या. पांगारेआजोबांचं हसू थांबलं. केवढं बरं वाटलं त्यांना. त्यांनी फांदी सोडली. फांदी एवढी हलकी, की पिसासारखी खाली आली.

फांदी मिळाली, सुतारकाका उठले. टक टक, टक टक. फांदीची झाली मूठ. मूठ जाड, पातं पातळ. सुतारकाकांनी मुठीत पातं बसवलं.

"उचल," काका म्हणाले.

नखुल्यानं उचलली. एका हातानं उचलली.

"आता डबक्यात टाक."

नखुल्यानं डबक्यात टाकली.

टुपुक.

सुरी वर आली. बदकासारखी तरंगली.

"हीच, काका. हीच हवी होती."

"मग बघत काय बसलास? पळ."

नखुल्या पळाला. तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु. काठावर आला.

बघतो तर काय, मुळं दिसेनात. सगळी पाण्याखाली गेलेली. एक मूळ दिसलं. नखुल्यानं उडी मारली. टुणुक. दुसरं मूळ दिसलं. टुणुक. तिसरं मूळ बुळबुळीत होतं. नखुल्या घसरला.

धबाक.

नखुल्या पाण्यात, सुरी पाण्यात.

"नखुल्या," मावशी ओरडली. "अरे नखुल्या, कुठे गेलास?"

पाण्यावर नुसते बुडबुडे आले. मावशी वाकून बघू लागली. होडी कलली तरी वाकून बघू लागली.

मग वर आली सुरी. टुपुक. सुरीची मूठ धरून वर आला नखुल्या. मूठ बुडेना, म्हणून नखुल्या बुडेना. नाकातून पाणी आलं. फुर्र फुर्र.

"आहे, मावशी. इथे आहे."

"घट्ट धर. सोडू नकोस. पाय मार."

नखुल्यानं पाय मारले. छपाक छपाक, छपाक छपाक. सुरी चालली पुढे, नखुल्या चालला मागे. होडीपाशी आला. मावशीनं हात दिला, ओढून वर घेतलं.

नखुल्या थांबला नाही. दोरीवर पातं ठेवलं. करर करर, करर करर.

तट्ट.

दोरी तुटली, होडी वर आली. होडी वर आली, मावशी सुटली.

मावशीनं नखुल्याला पुसलं. डोकं पुसलं, कान पुसले, शेपटी पिळली. मग होडीतल्या भाकरीच्या डब्यात हात घातला. एकच भाकरीचा तुकडा उरला होता. मावशीनं तो बघितला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. पण मावशीनं तो तुकडा नखुल्याला दिला. सगळाच्या सगळा दिला.

"तू खा," मावशी म्हणाली. "आणि स्वस्थ बस. आता वल्हं मी मारते."

मावशीनं वल्हं धरलं. होडी निघाली, पण उलटी निघाली.

"मावशी, घर तिकडे आहे."

"माहीत आहे मला. थोडं फिरवून आणते तुला."

नखुल्या भाकरी खात बसला. मावशी गोल गोल वल्हं मारत राहिली. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. वाऱ्यानं त्यांना हळूच घराकडे ढकललं.

होडी लागली काठाला, नखुल्या गेला घराला, आणि आमच्या गोष्टीला आली झोप.