पाकळीचा हुकूम

धाकोजी आचाऱ्याला दिवस मावळायच्या आत राज्याबाहेर घालवायचं ठरलं, आणि ठरवलं कुणी? एका पाकळीनं!

कातळगावचे राजे कृष्णराव शिंकसुद्धा देवाला विचारून देणारे. देवघरातल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आदल्या दिवशी आमटी खारट झाली आणि राजांनी कौल लावला, ‘आचारी ठेवू का?’ डावी पडली! झालं, बिचाऱ्यानं गाठोडं बांधायला घेतलं.

त्याची लेक आवडी तडक राजांपुढे उभी राहिली. “महाराज, जरा आपल्या मर्जीनं विचार करा ना!”

“मर्जी?” राजे हसले. “अगं वेडे, सगळं आधीच लिहिलेलं असतं. पाकळी फक्त वाचून दाखवते. आज दिवसभरात मला एक तरी गोष्ट स्वतःच्या मर्जीनं करताना दाखव. तुझा बाप राहील!”

“मग आजचं जेवणही कौल घेऊनच ना, महाराज?”

“अर्थात!”

“पाकळ्या मी लावू?”

“लाव की! पाकळी काय तुझं ऐकणार आहे?”

धाकोजीनं जाता जाता शेवटचा स्वयंपाक केला. कोवळ्या फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. फणस आवडीनंच चिरून दिला होता. दुपारी तिनं ‘राजांनी जेवावं का?’ म्हणून कौल लावला आणि राजे देवघरासमोरच पाटावर बसले.

पाकळी काही पडेना. उजवी नाही, डावी नाही! भाजीच्या वासानं सगळ्यांचा जीव कासावीस झाला. राजांच्या आधी कुणी जेवायचं नाही असा रिवाज, त्यामुळे दिवाणजींच्या पोटातली गुरगुर पार दारापर्यंत ऐकू येत होती.

“आता पडेल,” राजे म्हणाले. कसली पडतेय! शेवटी राजांनी ताटावर हात आपटला. “वाढा रे! पाकळीचं मग बघू!”

भाकरीचा पहिला घास पोटात गेला तशी आवडी पुढे झाली. “ही कुणाची मर्जी, महाराज?”

राजे चपापले, पण हट्टी माणूस तो! “माझी कसली? मी ‘वाढा’ म्हणणार हे माझ्या जन्माआधीच लिहिलेलं होतं!”

धाकोजीनं मान खाली घातली आणि गाठोडं उचललं.

“असेल हो महाराज,” आवडी म्हणाली. “मग पाकळीवाचून ‘वाढा’ म्हणालात, तसं पाकळीवाचून ‘राहा’ म्हणून बघा. तेही लिहिलेलंच निघेल!”

राजांना असं हसू फुटलं की सोलकढी नाकातून आली. “राहा रे धाकोजी, राहा! पण पोरी, खरं सांग, त्या पाकळ्या अजून का पडल्या नाहीत?”

आवडीनं फणसाच्या चिकट चिकानं माखलेली बोटं पुढे केली. “फणस चिरताना हाताला तेल लावायचं राहिलं, महाराज.”

“राहिलं, की तू मुद्दाम राहू दिलंस, की तेही लिहिलेलंच होतं?”

“त्याचा कौल लावू का, महाराज?”

“नको, नको! मला अजून भात खायचाय!” राजे पोट धरून हसले, आणि राजवाड्यामागचं काप्या फणसाचं झाड तिथल्या तिथे आवडीच्या नावानं करून दिलं. कुणालाही न विचारता!