बारीक तारेचा राखणदार

होड्यांवर शिडाच्या जोडीला नुकत्याच बॅटऱ्या आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. जोमा तांडेलाच्या होडीवर एका बारीक तारेच्या तोंडाशी छोटा फ्यूज पहाऱ्याला बसला होता.

एकदा जोमाने त्याच तारेवर भलामोठा दिवा जोडला. दिवा लागलीच गुरकावला, "ए जवळ्याएवढ्या, आणखी वीज सोड!"

"नाही सोडणार," फ्यूज म्हणाला. "तू किती मागतोस ते मी बघत नाही. माझ्या तारेला किती सोसतं, तेवढंच बघतो."

"मग मरशील!"

"मरेन. पण तुला वाट देणार नाही."

दिव्याने जोर केला आणि फ्यूज जळाला. जोमाने वैतागून त्याला फळीवर फेकलं आणि त्याच्या जागी एक जाडजूड फ्यूज बसवला. दिवा लखलखला. जाड्या छाती फुगवून म्हणाला, "बघ, टिकायचं असतं ते असं!"

"दादा, भाजतंय रे!" तार किंचाळली. तिचं आवरण वितळून धूर निघाला. जोमाने झडप घालून बॅटरीची जोडणी तोडली, म्हणून होडी वाचली. तारेचा मात्र कोळसा झाला होता.

"पण मी टिकलो!" जाड्या पुटपुटला.

फळीवरून जळका फ्यूज कडाडला, "तू जळला नाहीस, म्हणूनच ती जळाली!"