नंदिकाचा तळहात

“...मग राहिलं काय, भन्ते? तेवढं तरी सांगा.”

संघातले ज्येष्ठ भिक्खू, थेर पुण्णक, लेण्याच्या ओट्यावर बसून आपलं भिक्षापात्र पुसत होते. समोर उभ्या शिष्याकडे, शीलरक्षिताकडे, त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

“चार आर्यसत्यं मला येतात. नुसती येत नाहीत, उलगडून सांगता येतात. मी अष्टांगिक मार्ग सांगायला लागलो की गावातले लोक जागचे उठत नाहीत. अनित्य, दुःख, अनात्म... यांवर माझ्याशी वाद घालायला पैठणहून पंडित आले होते. पाणी पिऊन परत गेले. आणि तुम्ही म्हणता, अजून जाऊ नकोस.”

“मी कुठे म्हटलं?”

“जा असंही म्हणत नाही!”

हे मात्र खरं होतं.

दरीपलीकडच्या डोंगरात एका व्यापाऱ्याने नवं लेणं खोदून घेतलं होतं आणि तिथल्या संघाचा प्रमुख म्हणून शीलरक्षितालाच मागितलं होतं. पावसाचे महिने भिक्खूंनी एका जागी काढायचे, तो वर्षावास आता संपत आला होता. उद्या पौर्णिमेला व्यापाऱ्याची बैलगाडी डोंगराखाली येऊन उभी राहणार. सगळं अडलं होतं ते गुरूच्या एका शब्दावर.

शीलरक्षित हुशार होता, यात वाद नाही. वाद घालायची कुणाची छातीही नव्हती. चीवराची घडी कशी घालायची, पात्र कोणत्या हातात धरायचं, गाथा म्हणताना श्वास कुठे घ्यायचा, सगळं त्याचं बिनचूक. दुसऱ्याचं चुकलं की ते त्याला लेण्याच्या दुसऱ्या टोकाला बसूनही ऐकू यायचं.

“उद्या पवारणा आहे,” थेर म्हणाले.

“आहे.”

“उद्या संघातल्या एकाने जरी तुझा एक दोष सांगितला...”

शीलरक्षिताची मान आणखी ताठ झाली.

“...तर तू जा.”

“सांगितला तर? की नाही सांगितला तर?”

“सांगितला तर.”

“आणि कुणाला सापडलाच नाही, तर?”

“तर तू इथेच राहा. मला तुझी काळजी वाटेल.”

म्हातारपणी होतं असं कधी कधी, शीलरक्षिताने मनात म्हटलं. गुरूबद्दल त्याला जरा वाईटही वाटलं.

पवारणा म्हणजे वर्षावासाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघापुढे उकिडवा बसतो, हात जोडतो आणि म्हणतो, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा तशी शंका तुम्हाला आली असेल, तर दया करून मला सांगा. सुरुवात सगळ्यांत ज्येष्ठ असेल त्याच्यापासून.

शीलरक्षित दर वर्षी हे शब्द घोटून, स्पष्ट म्हणायचा. दर वर्षी सगळे गप्प बसायचे. ती शांतता त्याला फार आवडायची.

पण यंदा शांतता परवडणारी नव्हती. संध्याकाळी तो टाक्यावर गेला. तिथे नंदिक पाणी भरत होता. नंदिक त्याच्याहून वयाने मोठा, पण भिक्खू उशिरा झालेला, म्हणून रांगेत मागे बसायचा.

“नंदिका, उद्या माझा एखादा दोष सांग.”

नंदिकाच्या हातातली घागर हिंदकळली.

“मी? तुमचा? नको, भन्ते.”

“का नको?”

“नाही... म्हणजे... मला काही दिसत नाही.”

“मला ठाऊकच होतं.” शीलरक्षिताने सुस्कारा टाकला. “पण गुरुजींची अट आहे. बघ काहीतरी किरकोळ. आणि ती घागर डाव्या हाताने धरू नकोस. किती सांडतंय.”

नंदिकाने घागर उजव्या हातात घेतली. दोन पावलं गेला आणि खाली ठेवून उभा राहिला.

शीलरक्षित तोवर निघूनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी संघ जमला. थेर पुण्णक सगळ्यांत म्हातारे, म्हणून तेच आधी पुढे आले. गुडघे दुखत होते तरी उकिडवे बसले. हात जोडून विचारलं.

“भन्ते,” मागून नंदिक म्हणाला, “तुम्ही पहाटेच्या पठणात झोपता.”

“हं.”

“आणि घोरता.”

कुणीतरी फसकन हसलं.

“खरं आहे,” थेर म्हणाले. “उद्यापासून उभा राहून म्हणेन. अजून?”

“मला ताप आला होता,” कोपऱ्यातला एक भिक्खू म्हणाला. “तुम्ही विचारायला आला नाहीत. मी वाट बघत होतो.”

थेर मग बसल्या बसल्याच त्याच्याकडे वळले.

“चुकलो. मला क्षमा कर.”

शीलरक्षिताला ऐकवेना. गुरूचे दोष, आणि तेही असे चारचौघांत! हे लोक बोलतात तरी कसे, आणि हे ऐकून तरी कसे घेतात? आपल्यावर अशी वेळ कधी आली नाही, याचा त्याला त्या क्षणी अभिमान वाटला. भरपूर वाटला.

त्याची पाळी आली.

तो पुढे झाला. पाठ सरळ, हात छातीशी, शब्द स्वच्छ.

कुणी बोललं नाही.

हे तीनदा विचारायचं असतं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं.

शांतता... तीच, दर वर्षीची.

तिसऱ्यांदा विचारताना त्याला खाली उभी असलेली बैलगाडी आठवली.

“बोला ना!” तो एकदम म्हणाला. “इतकी वर्षं मी तुम्हाला शिकवतो, आणि तुमच्यातल्या एकालाही माझी एक चूक काढता येत नाही?”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

“सांगितलं तर...” नंदिक चाचरत म्हणाला, “तुम्ही ऐकाल, भन्ते?”

“मी कधी ऐकलं नाही? दाखव!”

नंदिकाने थेरांकडे पाहिलं. थेर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. तिकडून काही मदत मिळायची नाही, हे नंदिकाला कळलं.

“श्रावणात माझं पात्र पडलं. मातीचं होतं, फुटलं. मी ओरडलो, अरे, माझं पात्र फुटलं.”

“आठवतं. मी तुला समजावलं होतं.”

“हो. भिक्खूला ‘माझं’ असं काही नसतं, म्हणालात. मला सगळ्यांसमोर उभं केलंत आणि ‘हे माझं नाही, हे मी नाही’ असं म्हणायला लावलंत. अडखळलो की पुन्हा पहिल्यापासून.”

“मग त्यात काय चुकलं? ‘माझं’ हीच तर तृष्णेची मुळी. स्वतः तथागतांनी सांगितलंय, की...”

नंदिकाने उजवा हात पुढे केला आणि तळहात उघडला.

अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत एक जाड, वेडावाकडा व्रण होता. बोटं पुरती सरळ होत नव्हती.

“खापरी आत घुसली होती,” तो म्हणाला. “मी म्हणत होतो तोवर रक्त गळत होतं. तुमच्या पायांपाशीच. तुम्ही दुःखाविषयी बोलत होता.”

शीलरक्षिताने तोंड उघडलं. त्याच्याकडे उत्तर होतं. त्याच्याकडे नेहमीच उत्तर असायचं.

“पण तू तेव्हाच...”

त्याला टाक्यावरची घागर आठवली.

लेण्यात सगळे वाट बघत होते. आता तो काय म्हणेल, कोणती गाथा काढेल... नंदिकाने तर मान आधीच खांद्यात ओढून घेतली होती.

“ऐकलं,” शीलरक्षित म्हणाला.

एवढंच म्हणाला. त्याला लाज वाटली. ज्या शांततेला तो इतकी वर्षं आपली स्तुती समजत होता, ती आठवून तर फारच वाटली.

दुपारी तो पात्र आणि चीवर घेऊन ओट्यावर आला. खालून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता.

“अट पुरी झाली, भन्ते.”

“झाली.”

“जाऊ?”

“जा.”

त्याने वाकून वंदन केलं आणि पायऱ्या उतरायला लागला. मान अजून थोडी ताठच होती. इतक्या वर्षांची सवय, एका सकाळीत कशी जाणार?

अर्ध्या वाटेवरून तो परत आला.

“भन्ते, एक मागू?”

“माग.”

“नंदिकाला माझ्याबरोबर पाठवा.”

“कशाला?”

“तिथे सगळे मला फार मानतात...” शीलरक्षित थांबला. “मला सांगणारं कुणी नाही.”

थेरांनी टाक्याकडे पाहिलं. नंदिक डाव्या हाताने घागर भरत होता. निम्मं पाणी सांडत होतं.

“तो माझा आहे,” थेर म्हणाले. “तुझा तू शोध.”