निंबवेढ्यात कागदाला कुंकू लागत नाही

“ही लग्नाची पत्रिका आहे की सुतकाची?” इंदुमतीबाई निगड्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि पत्रिका सतरंजीवर आपटली. “चारही कोपरे कोरे! आमच्या भावकीत ही वाटायची कशी? असं कोरं पत्र हातात पडलं की आमच्याकडच्या बायका आधी रडून घेतात, मग वाचतात!”

नवऱ्या मुलाची आई ती, राग खोटा नव्हता. लग्न दहा दिवसांवर आलेलं आणि मुलीकडचे बोटभर कुंकवाला नाही म्हणतात! मुलीचा बाप माधवराव खुटवड नुसता हात जोडून उभा. नको तिथं हात जोडायची खोडच त्याला.

“करंडा आणा, मी लावते. नाहीतर उठते. मग लग्नाचं आमचं आम्ही बघू.”

“करंडा देते की. कपाळाला लावा,” गोदाक्का म्हणाली. “कागदाला नाही.”

गोदाक्का माधवरावाची आत्या, ऐंशीच्या पुढची. नवऱ्या मुलीला, अश्लेषाला, आईमागं तिनंच वाढवलं. लग्न मोडलं तर पोरीचं काय होईल, हे तिला कळत नव्हतं थोडंच! पण आवाज खाली आणणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं, ते आता कुठलं जमायला?

“येताना भैरोबाचं देऊळ लागलं ना? देवाच्या शेजारी रिकामा कोनाडा आहे. त्याचं ऐकून घ्या, विहीणबाई, मग खुशाल उठा.”

असं सांगतात की फार पूर्वी या गावात येसाजी खुटवड म्हणून एक माणूस होता. सगळ्या गावात लिहिता-वाचता तेवढाच. तो रोजनिशी लिहायचा. गाव कुणी वसवलं, डोहाचं पाणी पहिल्यांदा कुणी बांधानं वळवलं, कोण मेलं, कोण परागंदा झालं, सगळं मोडीत उतरवलेलं. मुलूखगिरीवर गेलेल्या पोरांची पत्रं आली की आया त्याच्याकडं धावायच्या. तो वाचून दाखवायचा. वाचता न येणाऱ्या बाईनं पत्र घरी नेऊन करायचं काय? पत्र त्याच्याजवळच राहायचं. अशी तीस-चाळीस वर्षांची पत्रं आणि रोजनिशीचं बाड त्यानं एका तांबड्या रुमालात बांधलं. मरताना म्हणाला, म्हणे, “हा गावाचा जीव आहे, सांभाळा.”

गावानं सांभाळला. कोनाड्यात ठेवला. दर दसऱ्याला रुमाल सोडायचा, कागदांवर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं, तुपाचं निरांजन ओवाळायचं आणि पुन्हा आवळून बांधायचा. वाचायचं नाही. देवाला कुणी वाचतं का?

येसाजीची सून जिवाई. सासऱ्याच्या पाठीमागं उभी राहून ती अक्षर शिकली होती. ती दरसाल ओरडायची, “पाणी नका घालू रे! उन्हं द्या, वारा द्या, मला वाचू द्या!” पंच म्हणायचे, “बाईमाणसानं शिवायचं नाही.” तिचा नवराही त्यांच्यातच बसायचा.

पुढं पलीकडच्या तळवड्यानं डोहावर हक्क सांगितला. पाच गावांचे लोक निवाड्याला बसले. म्हणाले, “तुमच्या येसाजीनं लिहून ठेवलंय म्हणता, दाखवा.” रुमाल वाजतगाजत आणला. सोडला, तर आत कागद नव्हतेच. कुंकू, पाणी, तूप आणि कसर मिळून एक लालभडक ढेप झालेली. तेव्हा म्हणे पंचांनीच जिवाईच्या पायाशी पाट ठेवला, “बस बाई, वाच.” तीन दिवस ती सुरीच्या टोकानं पापुद्रे सोडवत होती. एवढ्या बाडातून एक तुकडा निघाला. त्यावर अर्धी ओळ: ‘ची आई फार रडली’. कुणाची आई, कशानं रडली, ते कुंकवाखाली गेलं.

डोह तळवड्याचा झाला. जिवाई भरल्या बैठकीत उठली आणि कपाळाचं कुंकू पदरानं पुसून टाकलं.

“अगं बाई! नवरा जिता असताना?” इंदुमतीबाईंच्या तोंडून गेलं.

“समोर बसला होता,” गोदाक्का म्हणाली. “म्हणे ती एवढंच बोलली, ‘ज्यानं गाव पुसलं, ते मी लेणार नाही, आणि गावातल्या कागदाला लागू देणार नाही.’ नवऱ्यानं घराबाहेर काढली. कुठं मेली, माहीत नाही. लिहिणार कोण?”

आजही निंबवेढ्यात कागदाला कुंकू लागत नाही. पत्रिका कोरी जाते, दसऱ्याला वह्या-पोथ्या उन्हात मांडतात आणि कुणीतरी चार पानं मोठ्यानं वाचतं. आजही डोहाला नाव तळवड्याचं आहे आणि निंबवेढ्याच्या बायका पलीकडच्यांची भांडी भरेपर्यंत काठावर उभ्या राहतात. गाव कुणी वसवलं, हे आजही कुणाला सांगता येत नाही.

इंदुमतीबाई पदर सावरून म्हणाल्या, “गोष्ट चांगली आहे हो. पण सगळं आपलं म्हणे, म्हणे आणि असं सांगतात! एवढ्यावर आम्ही चारचौघांत कोरी पत्रिका वाटायची? खरं कशावरून? काही पुरावा?”

गोदाक्काची आजी जिवाईला येसाजीची सून म्हणायची, चुलती लेक म्हणायची. तीन दिवस की तेरा, तेही धड ठाऊक नव्हतं. अर्धी ओळ तरी खरी होती की कुण्या आजीनं मागून जोडली? विचारावं असं कुणी उरलं नव्हतं, आणि उघडून बघावं असं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. ती जे बोलली त्यानंतर इंदुमतीबाईंनी पत्रिका उचलली, फुंकर मारून धूळ उडवली आणि कोरीच पिशवीत ठेवली. जिंकल्याचं सुख मात्र गोदाक्काला काडीचंही झालं नाही.

ती म्हणाली, “पुरावा होता, विहीणबाई. आम्ही त्याची पूजा केली.”