घंगाळातलं नितळ पाणी

फार वर्षांमागे वसईकडच्या एका चर्चमध्ये पितळेचं घंगाळ होतं. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत, वर्षातून एकदा पवित्र गुरुवारी फादर त्यात बारा जणांचे पाय धूत, म्हणून ते भलतंच तोऱ्यात असे.

एका मंगळवारी मासळी विकणारी कात्रीन मावशी लंगडत दारात आली. पाय चिखलाने माखलेले, टाचेत काटा रुतलेला. फादर घंगाळाकडे वळले, तसं ते ओरडलं, "आज कुठे गुरुवार आहे?"

"मी येते की!" म्हणत पत्र्याची बादली पुढे झाली.

मावशीचे पाय धुऊन बादली परतली, तेव्हा घंगाळ फिदीफिदी हसलं. "शी! केवढं गढूळ पाणी! माझं बघ, कसं नितळ राहतं."

"राहणारच, दादा. तुझ्याकडे सगळे घरून पाय धुऊनच येतात."

दुसऱ्या दिवशी चिखलाने भरलेले पाय पुन्हा दारात दिसले, तेव्हा बादलीच्या आधी घंगाळच खणखणलं, "फादर, मला न्या!"